परक्या विमानांवर आपले रंग

लढाऊ विमानांविषयी बोलावयाचे तर वेग, उंची, तोफा आणि पराक्रम यांविषयी बोलावे, ही श्रोत्यांची अपेक्षा स्वाभाविक आहे. त्या विमानांच्या रंगांविषयी आणि त्यांवर काढलेल्या चिन्हांविषयी कोणी तासभर बोलू लागला तर ते प्रथमदर्शनी थोडे पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, पंखावरची ती लहानशी रंगीत चकती आणि धडावर फासलेला हिरवा किंवा चंदेरी रंग यांवर अनेकदा माणसांचे जीव अवलंबून राहिले आहेत. एवढेच नव्हे, तर परदेशातून विकत आणलेले यंत्र आपल्या राष्ट्राचे केव्हा होते, या प्रश्नाचे उत्तरही त्या रंगातच दडलेले आहे.

प्रथम विषयाचे मूळ समजून घेऊ. आपल्या परिसरातून पंढरीकडे दिंड्या निघतात. हजारोंच्या गर्दीत प्रत्येक दिंडीचा माणूस आपली पताका पाहून आपल्या माणसांत येऊन मिळतो. पताकेचे काम दिसणे हे आहे. ती जितकी उंच आणि ठळक तितकी चांगली. आता शेताच्या बांधावरील तितराकडे पाहा. ढेकळांच्या रंगाशी त्याचा रंग असा मिळून गेलेला असतो की, पायाशी येईपर्यंत तो दिसत नाही. तितराच्या रंगाचे काम न दिसणे हे आहे. लढाऊ विमानाला एकाच वेळी पताकाही व्हावयाचे असते आणि तितरही व्हावयाचे असते. आपल्या माणसांना ते दिसले पाहिजे, ओळखू आले पाहिजे. आणि शत्रूला मात्र दिसता कामा नये. विमानांच्या रंगांचा सगळा इतिहास म्हणजे या दोन परस्परविरोधी गरजांचा झगडा आहे.

चिन्हाची गरज पहिल्या महायुद्धात प्रथम कळली. १९१४ साली इंग्रज वैमानिकांनी आपल्या पंखांवर युनियन जॅक रंगविला. त्या ध्वजात मध्यभागी मोठा क्रूस आहे, आणि जर्मन विमानांवरही क्रूसच होता. जमिनीवरील शिपायाला शेकडो फूट उंचीवर फक्त क्रूस दिसे आणि तो आपल्याच विमानावर गोळी झाडी. फ्रेंचांनी त्याआधीच निळ्या, पांढऱ्या व तांबड्या रंगांची एकात एक वर्तुळे असलेली चकती स्वीकारली होती. इंग्रजांनी तीच कल्पना उचलली; फक्त रंगांचा क्रम उलटा करून तांबडा मध्यभागी आणि निळा बाहेर घेतला. गोल आकार कोणत्याही बाजूने पाहिला तरी गोलच दिसतो, आणि क्रूसाशी त्याची गफलत होत नाही. पुढे जगातील बहुतेक वायुदलांनी ही चकतीच आपलीशी केली, ती या साध्या सोयीमुळे.

चिन्हाला कायद्याचाही आधार आहे. १९२३ साली हेग येथे तज्ज्ञांनी हवाई युद्धाचे नियम तयार केले. त्यांना कराराचे रूप आले नाही, तरी त्यांतील पुष्कळसे नियम रूढी म्हणून मानले गेले. त्यांपैकी एक नियम असा की, लष्करी विमानावर त्याचे राष्ट्र आणि त्याचे लष्करी स्वरूप दाखविणारे बाह्य चिन्ह असले पाहिजे. आणि दुसरा असा की, खोटे चिन्ह वापरणे निषिद्ध आहे. यातील अर्थ खोल आहे. विमानाला लपण्याची मुभा आहे, पण खोटे बोलण्याची नाही. हिरवा रंग फासून झाडांत दडणे हा युद्धाचा डाव झाला. दुसऱ्याची चकती रंगवून त्याच्या नावावर बाँब टाकणे हा विश्वासघात झाला. ज्या राष्ट्राचे चिन्ह पंखावर आहे, त्या पंखाखालून जे काही सुटेल त्याची जबाबदारी त्या राष्ट्राची. चिन्ह म्हणजे एक प्रकारची सहीच होय.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. राज्य इंग्रजांचे, तेव्हा चकतीही इंग्रजांचीच होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपली हरिकेन आणि व्हेंजन्स विमाने लढू लागली, तेव्हा एक वेगळीच अडचण उभी राहिली. जपानी विमानांवर तांबडा सूर्यगोल असे. इंग्रजी चकतीच्या मध्यभागीही तांबडा ठिपका होता. घाईच्या क्षणी, ढगांच्या फटीतून, तांबडा ठिपका दिसला की तोफ चालविणारा थांबत नसे. म्हणून पूर्वेकडील आघाडीवर चकतीतून तांबडा रंगच काढून टाकण्यात आला आणि निळ्या व फिकट निळ्या रंगाची चकती आली. एका रंगाच्या ठिपक्याची किंमत काय असते, ते येथे कळते.

स्वातंत्र्य आले. मधल्या युद्धकाळात, १९४५ मध्ये, वायुदलाच्या नावामागे लागलेले ‘रॉयल’ हे उपपद २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या दिवशी गळून पडले. दरम्यानच्या काळात इंग्रजी चकती जाऊन तिच्या जागी पांढऱ्या वर्तुळातील निळे अशोकचक्र आले होते. कल्पना अत्यंत सुंदर. परंतु चोवीस आऱ्यांचे चक्र जवळून जितके शोभते, तितके दुरून ओळखू येत नाही. आरे एकमेकांत मिसळतात आणि एक निळसर डाग उरतो. १९५० साली तिरंगी चकती आली: बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि गाभ्यात हिरवा. शेपटीवर याच तीन रंगांचे उभे पट्टे आले. आजही आपल्या विमानांवर हीच चकती आहे. शेजारच्या पाकिस्तानने हिरव्या वर्तुळात पांढरा गाभा असलेली चकती घेतली. हिरवा आणि पांढरा हे दोन रंग दोन्हीकडे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या चकतीच्या बाहेरच्या केशरी कड्याला ओळखीच्या दृष्टीने किती महत्त्व आहे, ते निराळे सांगावयास नको.

या सगळ्या बदलांच्या ऐन मध्यावर जेट विमान आपल्याकडे आले. मराठवाड्यातील श्रोत्यांना काळाची खूण पटावी म्हणून सांगतो. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानातील कारवाई झाली आणि १७ सप्टेंबर रोजी आपला प्रदेश मुक्त झाला. त्या कारवाईत वायुदलाने टेम्पेस्ट विमाने वापरली; ती पुढे फिरता पंखा असलेली, जुन्या पिढीची विमाने होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, इंग्लंडमधून तीन व्हँपायर विमाने भारतात आली. आशियातील देशांच्या वायुदलांत जेट वापरण्याचा पहिला मान असा आपल्याकडे आला. पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात व्हँपायर विमाने परवान्याने बांधली जाऊ लागली, आणि सातव्या स्क्वाड्रनपासून आरंभ करून एकेक तुकडी जेटवर आली.

व्हँपायर हे मोठे चमत्कारिक विमान होते. त्याच्या धडाचा वैमानिक बसतो तो भाग लाकडी होता. बाल्सा नावाचे हलके लाकूड मध्ये आणि दोन्ही बाजूंस प्लायवुड, अशी त्याची रचना होती. मागे शेपटीकडे दोन लांब दांडे गेलेले असत. असे विमान आपल्या पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात टिकावयाचे तर रंग हा केवळ शोभेचा विषय राहत नाही. तो लाकडाचा पावसाळी अंगरखाच होतो. आपल्या व्हँपायरना बहुधा चंदेरी रंग दिलेला असे. चंदेरी रंग ऊन परावर्तित करतो, म्हणून उघड्यावर उभे असलेले विमान काहीसे कमी तापते, आणि धातूच्या पंखांशी तो मिळूनही जातो.

रंग देण्याच्या बाबतीत जेट विमानांनी पूर्वीचे बरेच हिशेब उलटे केले. रंगालाही वजन असते. मोठ्या विमानावर ते कित्येक किलो भरते. पृष्ठभाग खडबडीत राहिला तर वेग कमी होतो. ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या पंखाच्या पुढच्या कडेवरील रंग वाऱ्याने, धुळीने आणि पावसाने खरवडून निघतो. म्हणून अनेक देशांनी आरंभीची जेट विमाने धातूच्या मूळ झळाळीतच ठेवली, किंवा चंदेरी रंगाचा पातळ हात देऊन उडविली. त्या काळी समजूत अशी होती की, जेट विमान फार उंचावरून उडेल. तेथे झाडे नाहीत, ढेकळे नाहीत. मग तितर होण्याची गरज काय? वेग हेच त्याचे कवच. ही समजूत काही अंशी खरी होती. परंतु तीत एक गोष्ट विसरली गेली, ती पुढे येईलच.

वेगाने चिन्हाचेही गणित बदलले. समोरासमोर येणारी दोन व्हँपायर विमाने घ्या. प्रत्येकाचा वेग ताशी साधारण साडेआठशे किलोमीटर धरला, तर त्यांच्यातील अंतर ताशी सतराशे किलोमीटर वेगाने घटते. म्हणजे एक किलोमीटर अंतर सुमारे दोन सेकंदांत संपते. दोन सेकंदांत समोरच्याची चकती वाचावयाची, तिच्यातील बाहेरचे कडे केशरी की हिरवे ते ठरवावयाचे, आणि मग बोट कळीवर ठेवावयाचे की नाही याचा निर्णय करावयाचा. हे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून वैमानिकांना चकतीपेक्षा आकार ओळखण्याचे शिक्षण अधिक देतात. पंख मागे वळलेले आहेत की सरळ, शेपूट कोठे बसविली आहे, हवा आत घेणारे तोंड नाकात आहे की बगलेत, यावरून विमानाची जात सांगता आली पाहिजे.

परंतु आकार ओळखला म्हणजे राष्ट्र ओळखले, असे मात्र होत नाही. येथेच परदेशी बनावटीच्या विमानांचा प्रश्न उभा राहतो. १९५३ साली आपण फ्रान्सच्या दासो कंपनीकडून उरागाँ विमाने घेतली. त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ झंझावात, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव ‘तुफानी’ ठेवले गेले. तेच विमान इस्राएलकडेही होते. त्यामागून मिस्टेअर आले, तेही फ्रान्स, भारत आणि इस्राएल या तिघांकडे होते. १९५७ साली इंग्लंडकडून हंटर विमाने घेतली. तेच हंटर स्वीडनकडे तीन मुकुटांच्या चिन्हाखाली, स्वित्झर्लंडकडे तांबड्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या क्रूसाखाली आणि जॉर्डन, इराक अशा देशांकडे त्यांच्या त्यांच्या चिन्हांखाली उडत होते. इंग्लंडच्या फॉलंड कंपनीचे चिमुकले नॅट विमान आपण बंगलोरला बांधू लागलो. फिनलंडनेही तेच घेतले. यंत्र एक, कारखाना एक, खिळेही एकच. एका देशाचे विमान दुसऱ्यापासून वेगळे करणारी वस्तू रंगाच्या डब्यातून येते.

आपल्या उपखंडात तर याहून अवघड योग आला. आपल्याकडे इंग्रजी बनावटीची कॅनबेरा बाँबफेकी विमाने होती. आणि अमेरिकेने त्याच कॅनबेराच्या नमुन्यावर बांधलेली बी-५७ विमाने पाकिस्तानला दिली होती. १९६५ च्या युद्धात दोन्ही बाजूंच्या आकाशात एकाच जातीची पाखरे फिरत होती. रात्रीच्या अंधारात खालून पाहणाऱ्या तोफखान्याच्या माणसाला ती निरनिराळी कशी ओळखू यावीत?

विमानावर चकतीखेरीज आणखीही मजकूर असतो. प्रत्येकाला एक क्रमांक असतो, आणि आपल्या वायुदलात त्या क्रमांकाच्या आधी येणारी अक्षरे विमानाची जात सांगतात. हंटरला ‘बीए’, तुफानीला ‘आयसी’, मिस्टेअरला ‘आयए’, नॅटला ‘आयई’ अशी अक्षरे मिळाली. पुढे बंगलोरला भारतातच रचना करून बांधलेल्या मरुत विमानाला ‘बीडी’ मिळाली. हा क्रमांक म्हणजे त्या यंत्राचा जन्मदाखला. दुरुस्ती, अपघाताची चौकशी, सुटे भाग, सारे काही त्या क्रमांकावर चालते. स्क्वाड्रनचे बोधचिन्ह मात्र अभिमानाचा विषय आहे. त्याने शत्रू घाबरत नाही, पण आपल्या माणसाची छाती रुंदावते.

मराठी मुलखाच्या जवळ हे रंग प्रथम युद्धाच्या कामी आले ते १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोव्याच्या मुक्तीच्या वेळी. कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, आणि बेळगावजवळच्या सांबरा तळावरून उडालेल्या सतराव्या स्क्वाड्रनच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. पोर्तुगीजांजवळ गोव्यात लढाऊ विमाने नव्हती. तेव्हा लपण्याची फारशी निकड नव्हती. त्या दिवशी पंखाखालच्या तिरंगी चकतीचे खरे काम राजकीय होते. साडेचारशे वर्षांच्या परकी सत्तेखालील प्रदेशावर प्रजासत्ताक भारताची सही त्या विमानांनी आकाशात केली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता, मघाशी म्हटलेल्या विसरलेल्या गोष्टीकडे येऊ. ती गोष्ट अशी की, अत्यंत वेगवान विमानही आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीवर उभे असते. आकाशात वेग त्याचे रक्षण करतो. जमिनीवर त्याला वेगच नसतो. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानच्या सेबर विमानांनी पठाणकोटच्या तळावर अचानक हल्ला केला. तेथे उभी असलेली दोन नवी मिग-२१ आणि काही मिस्टेअर विमाने जमिनीवरच जळाली. दुसऱ्या दिवशी बंगालमधील कलाईकुंडा तळावर कॅनबेरा आणि व्हँपायर विमानांची तीच गत झाली. याचा दोष केवळ चंदेरी रंगाला देणे अन्यायाचे होईल; विमाने मोकळ्यावर उभी होती, इशारा वेळेवर मिळाला नाही, अशी अनेक कारणे एकत्र आली. परंतु हिरव्या मैदानावर उन्हात झळाळणारे चंदेरी विमान मैलोगणती अंतरावरून डोळ्यांत भरते, हेही तितकेच खरे आहे.

हंटर विमाने मात्र या बाबतीत आधीपासून सावध होती. इंग्लंडमधील पद्धतीप्रमाणे त्यांच्या वरच्या बाजूस गडद हिरव्या आणि गडद करड्या रंगांचे वेडेवाकडे पट्टे असत व खालची बाजू फिकट असे. या रचनेमागचे तत्त्व आपल्या कयाधू नदीतील माशातही पाहावयास मिळते. माशाची पाठ काळपट असते, म्हणून वरून पाहणाऱ्या बगळ्याला ती तळाच्या गाळात मिसळलेली दिसते. पोट पांढुरके असते, म्हणून खालून पाहणाऱ्याला ते उजेडाच्या पाण्यात मिसळलेले दिसते. विमान वरून पाहिले तर शेताशी एकरूप व्हावे आणि खालून पाहिले तर आकाशाशी, हा हेतू. आणि पट्टे वेडेवाकडे कशासाठी? डोळा वस्तू ओळखतो ती तिच्या कडेवरून. कडेची रेषा ठिकठिकाणी मोडली की, डोळ्याला विमानाऐवजी निरनिराळ्या रंगांचे तुकडे दिसतात.

लपण्याची बाजू ही अशी. ओळखीची बाजू त्याच युद्धात किती कडू ठरली, तेही सांगितले पाहिजे. १ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. त्यांना थोपविण्यासाठी आपली जुनी व्हँपायर विमाने धाडण्यात आली. चार व्हँपायर पडली. ते दुःख तर होतेच. पण मावळत्या उजेडात, धुळीत, खालचे आपले कोण आणि परके कोण, हे वैमानिकांना नीट कळेना. त्या संध्याकाळच्या हवाई माऱ्यात आपल्याच विसाव्या लान्सर्सचे रणगाडे आणि तिसऱ्या महार पलटणीची दारूगोळ्याची वाहने सापडली. महार पलटणीत आपल्या महाराष्ट्रातील किती जवान असतात, हे येथे सांगण्याचे कारण नाही. वैमानिक शूर होते आणि पलटणही शूर होती. उणीव होती ती ओळखीची. विमानावरची चकती जमिनीवरील शिपायाला दिसते; पण जमिनीवरील शिपायाची ओळख विमानाला कशी पटावी? त्यासाठी रंगीत कापडाचे पट्टे अंथरणे, धूर सोडणे, बिनतारी यंत्रावर बोलणे असे उपाय असतात. ते सर्व जुळून आले तरच चिन्हाला अर्थ राहतो. चिन्ह दोन्हीकडून हवे. एकीकडून हात हलवून ओळख पटत नाही.

हे संकट काही आपल्यापुरतेच नव्हते. १९४३ साली सिसिलीच्या चढाईत दोस्तांच्याच तोफांनी दोस्तांची वाहतूक विमाने पाडली. म्हणून पुढच्या वर्षी, ६ जून १९४४ रोजी, फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरताना दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे रुंद पट्टे रंगविण्यात आले. लपणे सोडून देऊन त्यांनी त्या दिवशी मुद्दाम पताका होणे पत्करले. १९५६ साली सुएझच्या वेळी इंग्रज व फ्रेंच विमानांवर असेच पिवळे-काळे पट्टे होते. आपल्याच माणसाची गोळी लागण्याचे भय शत्रूच्या भयापेक्षा मोठे ठरले, म्हणजे राष्ट्रे असा निर्णय घेतात.

१९६५ च्या धड्यानंतर आपल्या तळांवर विमानांसाठी जाड भिंतींचे आडोसे बांधले गेले, आणि १९७१ च्या युद्धापर्यंत चंदेरी विमानांची झळाळी झाकली गेली. मिग-२१ विमाने रशियाकडून धातूच्या मूळ रंगात आली होती. युद्ध जवळ येताच त्यांवर हिरव्या रंगाचे पट्टे आणि डाग चढले. हे काम कोणत्याही एका नमुन्यावर झाले नाही. निरनिराळ्या तुकड्यांत निरनिराळी नक्षी दिसे. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या राजभवनावर मिग-२१ विमानांनी अग्निबाण सोडले आणि तेथील गव्हर्नराने राजीनामा दिला, तेव्हा ही विमाने चार वर्षांपूर्वीसारखी चांदीची राहिली नव्हती.

मिग-२१ चा आणि महाराष्ट्राचा संबंध जिव्हाळ्याचा आहे. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली या विमानाचा कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि विजेची सूक्ष्म यंत्रे हैदराबादला, अशी वाटणी होती. त्याच ओझरला वायुदलाचे लढाऊ विमाने दुरुस्त करणारे आगारही आहे. तेथे विमान संपूर्ण उघडले जाते, जुना रंग खरवडला जातो, धातूला कोठे तडा गेला आहे का ते तपासले जाते, मग संरक्षक लेप, मग नवा रंग आणि सर्वांत शेवटी तिरंगी चकती. याचा अर्थ असा की, रंग काढल्याखेरीज विमानाची खरी प्रकृती कळत नाही, आणि चकती रंगविल्याखेरीज ते पुन्हा राष्ट्राचे होत नाही.

पुढच्या काळात हिरव्या रंगाची जागा हळूहळू करड्या रंगाने घेतली. दूरवर मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांमुळे लढाई पुन्हा उंच आकाशात गेली, आणि फिकट आकाशात फिकट करडा रंग अधिक विरघळतो. ओळखीचे काम आता डोळ्यांऐवजी यंत्र करते. जमिनीवरून बिनतारी लहरीने ‘तू कोण?’ असा प्रश्न जातो आणि विमानातील यंत्र ठरलेल्या संकेताने ‘मी तुमचाच’ असे उत्तर देते. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धापासूनची. आज ती फार सुधारलेली आहे. पण यंत्र सुधारले म्हणून माणसाची जबाबदारी संपत नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मिरात बडगाम येथे आपलेच मिग नव्हे, तर आपलेच मालवाहू हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. त्यात वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक असे सात जीव गेले. त्यांत नाशिकचा एक तरुण अधिकारी होता. वायुदलाच्या प्रमुखांनी पुढे ही आपली मोठी चूक असल्याचे उघडपणे मान्य केले. १९१४ साली क्रूस पाहून गोळी झाडणारा शिपाई आणि २०१९ साली पडद्यावरचा ठिपका पाहणारा अधिकारी यांच्यामध्ये शंभरांहून अधिक वर्षे गेली. प्रश्न मात्र तोच राहिला: समोर आहे तो आपला की परका?

आता समारोप करतो. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्यात हस्तरा नावाचे गाव आहे. त्या गावचे सुपुत्र विवेक राम चौधरी हे २०२१ पासून २०२४ पर्यंत भारतीय वायुदलाचे प्रमुख होते. मिग-२१ त्यांनीही उडविले आहे. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रयागराज येथे वायुदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण त्यांच्या हस्ते झाले. जुन्या ध्वजावर एका कोपऱ्यात राष्ट्रध्वज आणि तिरंगी चकती होती. नव्या ध्वजात वरच्या उजव्या कोपऱ्यात वायुदलाचे बोधचिन्ह आले. चकती मात्र होती तेथेच राहिली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. व्हँपायर गेले, तुफानी गेले, मिस्टेअर, नॅट आणि हंटर गेले, मिग-२१ ही गेले. ती बहुतेक यंत्रे परक्यांच्या कल्पनेतून जन्मलेली होती. त्यांवर १९५० साली जी तीन वर्तुळे आली, ती आज नव्या विमानांवर आहेत.

यंत्र विकत घेता येते, परवाना घेऊन बांधताही येते. पण पंखावर चकती रंगविली की, राष्ट्र त्या यंत्राच्या प्रत्येक कृत्याचे उत्तरदायित्व पत्करते: बरोबर नेम लागला तर त्याचेही आणि चुकला तर त्याचेही. पुढे कधी एखाद्या चौकात चौथऱ्यावर उभे केलेले जुने जेट विमान पाहाल, तेव्हा त्याच्या तोफांआधी त्याच्या पंखाकडे पाहा. ऊनपावसाने तो रंग फिका झाला असेल. परंतु ती सही आपल्या सर्वांच्या नावाने केलेली आहे.